विहीणबाईंच्या ताटलीतला जादा तुकडा

गरम पाण्याने बरा होत नाही असा आजार आणि गरम पाण्याने मिटत नाही असा वाद या जगात नाही, अशी पक्की श्रद्धा असलेली एकच व्यक्ती मला उभ्या आयुष्यात भेटली, आणि ती नेमकी माझी विहीण निघाली. ऐन जुलैच्या उन्हात हॉटेलात बसल्यावर वेटर बर्फाचे खडे घातलेले पेले आणून ठेवी, तेव्हा त्या पेल्यांकडे त्या अशा बघत की जणू त्याने ताटात विंचू वाढलाय. मग तो बिचारा गरम पाणी आणी. ते पुरेसं गरम नसे. तो पुन्हा जाई. अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवे गावाच्या आसपासच्या बऱ्याच वेटरांनी त्यांच्यामुळे धंदा बदलला असावा, असा माझा अंदाज आहे. घरात भांडी धुण्याचं मोठं यंत्र होतं, पण सबंध मुक्कामात त्यांनी ते एकदाही चालू होऊ दिलं नाही. भांडी हाताने घासून त्या यंत्रात निथळायला ठेवत. इतकी महागडी भांड्यांची जाळी मी दुसरीकडे पाहिली नाही. सकाळी बागेत उलट्या पावली चालत, टाळ्या वाजवत. माणूस आयुष्यभर पुढेच चालतो म्हणून गुडघे बिघडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. माझे गुडघे बिघडले, त्यांचे शेवटपर्यंत शाबूत राहिले, तेव्हा त्यावर मी जास्त बोलत नाही.

त्या दक्षिण चीनमधल्या. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. मुलीपाठोपाठ अमेरिकेत आल्या आणि ती मुलगी माझी सून झाली. आईच्या आईला त्यांच्याकडे पोपो म्हणतात, म्हणून माझी नात मीरा त्यांना पोपो म्हणे, आणि बघता बघता आम्ही सगळेच म्हणायला लागलो. मीरा मला आबा म्हणते म्हणून त्याही मला आबाच म्हणत. वयाने त्या माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान होत्या, हे त्यांना सांगण्याइतकं आमचं दोघांचं इंग्रजी एकमेकांना कधी कळलं नाही.

माझ्या बायकोचं आणि त्यांचं मात्र भाषेवाचून अडलं नाही. मीराच्या जन्माच्या वेळी आम्ही दोघं पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलो, तेव्हा या दोन बायकांची लढाई जुंपणार म्हणून मी पेपर घेऊन कोपऱ्यातली खुर्ची पकडली होती. पण बाळंतिणीने गार पाणी प्यायचं नाही, केस धुवायचे नाहीत, वाऱ्यात बसायचं नाही, याबाबतीत चीन आणि पुणे यांचं शब्दाशब्दाला एकमत निघालं. दोघींनी मिळून एसी बंद केला, खिडक्या बंद केल्या, सुनेच्या कानात कापूस कोंबला. एकीकडून आल्याचं काळं सूप आणि दुसरीकडून डिंकाचा लाडू, अशा कात्रीत ती पोरगी महिनाभर घामाघूम बसून होती. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, या दोघी युनाइट झाल्यात. आता आपलं काही खरं नाही." दुपारी दोघी लसूण सोलत बसत. ही मराठीत बोले, त्या चिनीत बोलत, आणि मध्येच दोघी एकदम हसत. काय कळत होतं कुणास ठाऊक. सूप मांसाचं किंवा अंड्याचं असलं की हिच्यासाठी त्या वेगळ्या भांड्यात वेगळं शिजवत. मी अंडं खातो. ही कधी शिवली नाही.

पुढे पुण्यात परतल्यावर ही वारली आणि मुलाने मला इकडे आणलं. त्याच शरदात मी पोपोंचा चंद्राचा सण पहिल्यांदा पाहिला. पीक घरात आल्यावर पौर्णिमेला सगळ्या घराने एकत्र बसायचं, पोमेलो नावाचं पपनसासारखं दांडगं फळ सोलायचं, चहा प्यायचा आणि मूनकेक म्हणून एक गोल, जड, नक्षीदार केक कापून खायचा. पोमेलो निवडायला पोपोंना दुकानात तासभर लागे. दोन हातांत दोन फळं तोलत त्या डोळे मिटून उभ्या राहत. त्याच्या सालीची टोपी करून मीराच्या डोक्यावर ठेवत, आणि मीराने ती काढली की माझ्या. केक कापताना तर सुरी गरम पाण्यात बुडवून आधी हवेतच रेषा आखत. बाहेरून शेंगदाण्याच्या रंगाचा तो केक, आत दाट गोड सारण आणि मधोमध खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक, चंद्रासारखा. मला तो इतका आवडला की माझा तुकडा संपताच हात ताटलीकडे गेला. ताटलीत एक तुकडा उरला होता. पोपोंनी जेवायच्या काडीने माझ्या हातावर टपली मारली आणि म्हणाल्या, "नॉट यू, आबा."

एवढीच गोष्ट. विचारलं असतं तर तिथेच मिटली असती. पण माझी बायको जाऊन वर्ष व्हायचं होतं, मुलाच्या घरी पाहुण्यासारखा राहत होतो, आणि एका तुकड्यासाठी हातावर काडी खाल्ली होती. मी घुश्शात वर निघून गेलो. सकाळी खाली आलो तर पोपो सिंकपाशी उभ्या राहून तोच तुकडा खात होत्या. शिवाय फ्रीजमध्ये मागे एक छोटा वेगळा डबा दडवलेला. मला काय ते समजलं, असं मला वाटलं.

महिन्याने मराठी मंडळाची कोजागिरी झाली. नवीन माणूस, कुणाशी ओळख नाही. मसाल्याचं दूध घेताना मी विहीणबाईंच्या जादा तुकड्याची गोष्ट सांगितली आणि माझ्याभोवती हसणारी माणसं जमली. दुसऱ्या वर्षी लोक खुर्ची ओढून आले. तोवर काडीची छडी झाली होती आणि फ्रीजमधल्या डब्याला कुलूप आलं होतं. मंडळाच्या या अंकाच्या बहुतेक वाचकांनी ती गोष्ट माझ्याच तोंडून ऐकली आहे. आणि मी सांगतही छान असे, हे कबूल करायला हवं.

पुढच्या वर्षी कुणीतरी मीराला गमतीत विचारलं, तुझी पोपो केक कुलपात ठेवते का गं? तिने ते घरी जाऊन पोपोंना सांगितलं. त्या वर्षीच्या कोजागिरीला पोपो न बोलावता आमच्या गाडीत येऊन बसल्या. मांडीवर भलंमोठं खोकं होतं. हॉलमध्ये त्या टेबलामागे उभ्या राहिल्या आणि येईल त्याच्यापुढे ताटली धरू लागल्या. एक काकू मला म्हणाल्या, "काका, आज चक्क अख्खा बॉक्स? तब्येत बरी आहे ना विहीणबाईंची?" पोपो शेजारीच होत्या. शब्द कळले नसतील, हसू कळलं. मग कुणीतरी विचारलं, अंडं आहे का त्यात? आणि माणसं नम्रपणे दुधाकडे वळली. एकाने घेतलेला तुकडा नॅपकिनमध्ये गुंडाळून खुर्चीखाली ठेवला होता. तो पोपोंनी जाताना उचलून घेतला.

परतताना खोकं जवळजवळ भरलेलंच होतं. मागच्या सीटवरून मीरा म्हणाली, "आबा, व्हाय इज आजीज पीस फनी?" मी म्हटलं, कोणत्या आजीचा? "आपल्या आजीचा. पोपो कट्स वन फॉर आजी. द वन विदाउट एग. एव्हरीबडी नोज." मुलगा गाडी चालवत होता. त्याने नजर रस्त्यावरून हलवली नाही.

घरातल्या प्रत्येकासाठी एक तुकडा, आणि जो घरचा आहे पण टेबलाशी नाही, त्याच्यासाठीही एक, अशी त्यांच्या घरची रीत होती. तो तुकडा रात्रभर ठेवून सकाळी कापणाऱ्यानेच खायचा, हेही त्यात आलं. पोपोंचे यजमान फार पूर्वी दुसरं घर करून गेले, त्यांना तुकडा नव्हता. याबाबतीत त्या काटेकोर होत्या. माझ्या बायकोसाठी मात्र बिनअंड्याचा छोटा केक वेगळा आणत आणि बाकीच्यांच्या बलकाचा हात लागू नये म्हणून वेगळ्या डब्यात ठेवत. त्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून बहुधा आपला पितृपक्ष लागतो. अविधवा नवमीला हिच्या नावाने पान वाढायचं, ते इथे भटजी कुठे, कावळा कुठे, म्हणून मी एकदाही वाढलं नव्हतं.

त्या रात्री पोपोंनी माझ्यापुढे गरम पाण्याचा पेला आणून ठेवला. मी ते प्यायलो आणि प्रकरण मिटलं असं समजलो. नंतरच्या कोजागिऱ्यांना लोक म्हणत, काका, तो किस्सा होऊन जाऊ दे. खरं सांगायला एक मिनिट लागलं असतं. पण हसायला जमलेल्या माणसांना ते कसं सांगायचं, असं म्हणत मी दर वर्षी तोच किस्सा होऊ दिला.

गेल्या हिवाळ्यात पोपो गेल्या. मंडळातली माणसं भेटायला आली. बोलणं खुंटलं तेव्हा कुणीतरी वातावरण हलकं करायला म्हणालं, काका, तो तुकड्याचा किस्सा... आणि मी सांगितला. थोडक्यात सांगितला, पण सांगितला. सून चहा ओतत होती. तिला मराठी बोलता येत नाही, समजतं. तिने सगळ्यांचे कप भरले, माझा भरला, आणि वर गेली.

यंदाच्या सणाला मी मुलाला म्हटलं, मला चिनी दुकानात ने. पोमेलो मला तोलता आला नाही. घरी आल्यावर कोरडा निघाला. बिनअंड्याचा केक मिळाला. मी सुनेला विचारलं, मी कापू का? तिने सुरी गरम पाण्यात बुडवून माझ्या हातात दिली. माझे तुकडे वाकडे आले. मीरा म्हणाली, "पोपो वुड फेल यू, आबा." सून हसली, आणि मग चंद्र दिसतो का बघायला खिडकीशी गेली. बाहेर ढग होते. ताटलीत दोन तुकडे उरले, एक बलकाचा, एक बिनबलकाचा. त्यांच्याशेजारी मी गरम पाण्याचा पेला ठेवला.

सकाळी लवकर खाली आलो. सिंकपाशी उभा राहून दोन्ही तुकडे खाल्ले. इतकी वर्षं ज्या दुसऱ्या तुकड्यासाठी मी पोपोंना गावभर बदनाम केलं, तो मला मिळाला. पेल्यातलं पाणी गार झालं होतं. ते मी ओतून दिलं आणि नवीन तापत ठेवलं.