टीव्हीकडे पाठ

आमच्या शाळेचं मैदान काळ्या मातीचं आहे. सोलापुरात पाऊस चार वेळा विचार करून येतो, पण आला की मैदानाचा असा रबडा होतो की मोठ्या सुट्टीत बाहेर गेलेली पोरं अर्धं मैदान बुटाला लावून आत आणतात. वर्ग पुसायचा कुणी यावरून शिपाईमामा आणि मुख्याध्यापकांची एकदा चांगलीच जुंपली. तेव्हापासून नियम झाला. पाऊस असेल तर मोठी सुट्टी वर्गातच, आणि डबा खाऊन झाला की टीव्ही.

टीव्ही माजी विद्यार्थ्यांनी दिलेला, फळ्याशेजारी भिंतीवर टांगलेला. त्यावर पेनड्राइव्हमधली दोन-चार मराठी कार्टून लागायची. सगळ्यात आवडतं होतं एका विसरभोळ्या शिंप्याचं. तो दिवसभर शिलाई मशीनशी बडबड करायचा आणि सदऱ्याला तिसरी बाही लावून ठेवायचा.

मी विरोधात होते. स्टाफरूममध्ये मी तावातावाने सांगायचे की सात वर्षांच्या पोरांना घरी मोबाइल आहेच, शाळेतही पडदाच दाखवायचा असेल तर आपण पगार कशाचा घेतो? मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पाऊण तास बेचाळीस पोरं बंद खोलीत सांभाळून दाखवा, मग बोला." मी सांभाळायला गेले. तिसऱ्या दिवशी एकाने दुसऱ्याच्या डोक्यात डबा घातला, आणि चौथ्या दिवशी मी गुपचूप टीव्ही लावला. तत्त्व गेलं खड्ड्यात, निदान चहा तरी गरम प्यायला मिळाला.

पण माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट करावीच लागली तर त्यातून मी शिस्त काढतेच. मी वर्गात जाहीर केलं, टीव्ही चालू असताना जो बोलेल त्याने टीव्हीकडे पाठ करून बसायचं. आमच्याकडे बाक नाहीत, पोरं पट्ट्यांवर बसतात, त्यामुळे नुसतं बोट फिरवलं की पोर गर्रकन फिरतं. मागच्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, ओल धरून सुटलेला रंग तेवढा होता. कानावर शिंप्याची बडबड, पाठीमागे सगळ्यांचं हसणं, आणि डोळ्यांपुढे ती भिंत. छडीपेक्षा हे जास्त लागतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. एक मुलगा मुसमुसून रडला आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आठवड्याभरात वर्ग असा गप्प झाला की शेजारच्या वर्गाच्या बाई दारातून डोकावून बघू लागल्या.

सगळ्यात जास्त वेळा पाठ करून बसली ती एक मुलगी. शाळेच्या मागे यंत्रमाग आहेत, आमची निम्मी पोरं त्या घरांतली, घरी तेलुगू बोलणारी. बहुतेक पोरं गल्लीत खेळता खेळता मराठी उचलतात. हिने उचलली नव्हती. आंध्रात आजोळी वाढली आणि दुसरीत थेट माझ्यापुढे येऊन बसली. विचारलं तर मान हलवायची, वाचायला सांगितलं तर पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवायची.

तिची आई जूनमध्येच येऊन गेली होती. बिड्या वळून तंबाखूने पिवळी पडलेली बोटं पदराला पुसत दारात उभी राहिली. म्हणाली, "बाई, हिला मराठी बोलायला येऊ द्या. मोठीला नाही आलं. सगळी हसायची म्हणून तिनं चौथीत शाळा सोडली. आता माझ्यासंगं बिड्या वळते. ही तरी नको." मी म्हणाले, बोलेल, काळजी करू नका. मी स्वतः मंगळवेढ्याकडची. डी.एड.ला असताना माझ्या 'न्हाय' आणि 'कुटं'ला अख्खा वर्ग हसायचा, आणि मी वर्षभर तोंड मिटून बसले होते. तेव्हा हिचं दुःख मला कळायला हवं होतं. पण स्वतः मार खाल्लेला माणूस मऊ होतो ही एक गोड समजूत आहे. मी तरी झाले नाही. मला वाटायचं, मी शिकले ना रडतकढत, मग हिला काय झालं?

तर ही मुलगी माझ्या तासाला दगडासारखी बसायची आणि टीव्ही लागला की बोलायची. शेजारणीच्या कानाला लागून काहीतरी कुजबुजायची, शेजारीण कुजबुजून उत्तर द्यायची, की परत हिचं सुरू. मला संतापच यायचा. शिकवताना तोंडाला कुलूप, आणि कार्टून लागलं की गप्पा! मी बोट फिरवायचे. ती फिरायची. पुढेपुढे सुट्टीच्या सुरुवातीलाच फिरवायचे, म्हणजे मध्येच उठायला नको. पोरांनाही सवय झाली. टीव्ही लागायच्या आधी कुणीतरी ओरडायचं, "बाई, हिला फिरवू का?" आणि मी हो म्हणायचे.

ऑगस्टात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद झाली. दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतात, पोहे खातात आणि एका विषयावर बोलतात. त्या महिन्याचा विषय होता, पावसाळी सुट्टीत लहान मुलांना शाळेत टीव्ही दाखवावा का. मी दहा मिनिटं बोलले. पहिली पाच मिनिटं टीव्हीने पोरं कशी मठ्ठ होतात ते सांगितलं आणि उरलेली पाच माझी पद्धत सांगितली. टाळ्या पडल्या. दुधनीकडून नव्याने बदलून आलेल्या एका पोरसवदा शिक्षिकेने विचारलं, "बाई, पाठ करून बसलेली मुलं तेवढा वेळ काय करतात हो?"

"शिकतात," मी म्हणाले. लोक हसले. ती लाल झाली आणि खाली बसली. मी घरी येताना खूश होते.

पुढच्या पावसाला शेजारीण तापाने घरी होती. मला चहाला उशीर झाला म्हणून मुलीला फिरवायचं राहून गेलं. दाराशी पोचते तर पोरांनीच टीव्ही लावलेला, आणि एक मुलगा ओरडला, "बाई, ही मला सारखं एमन्नाडु, एमन्नाडु म्हणतीया!" मुलगी माझ्याकडे न बघताच फिरून बसली. शिपाईमामा दाराशी चिखल खरवडत होते. ते त्याच वस्तीतले, घरात तेलुगूच. मी सहज विचारलं, काय म्हणते ती?

"काय म्हणाला, असं इचारतीय की बाई. तो शिंपी काय म्हणाला म्हणून. तिला कळत न्हाय नव्हं टीव्हीतलं. लई दिस झालं, त्या शेजारणीकडनं समजून घेतीया."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी कुटं इचारलं?"

म्हणजे जून महिन्यापासून ती मराठीच शिकत होती. मी शिकवत असताना नाही, कारण माझ्या तासाला विचारण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं. तिसरी बाही लावणारा तो येडा शिंपी काय बोलतो, हे मात्र तिला जिवापाड कळून घ्यायचं होतं. ज्या एका गोष्टीसाठी आईने हात पसरले होते ती गोष्ट पोर आपली आपण करत होती, आणि प्रत्येक वेळी मी बोट फिरवून तिला भिंत दाखवली. मला लाज वाटली. चांगली कानशिलं तापेपर्यंत वाटली.

आणि तरी मी त्या दिवशी काही केलं नाही. "फिर इकडे" एवढंच म्हणायचं होतं. पण बेचाळीस पोरं बघत होती. बाईंचं चुकलं हे त्यांना कळलं तर उद्यापासून कोण ऐकणार? शिवाय परिषदेत टाळ्या घेऊन मला पंधरा दिवसही झाले नव्हते. मी ठरवलं, पुढच्या पावसाला तिला सगळ्यात पुढे बसवू, शेजारणीलाही तिच्याजवळ बसवू आणि हवं तेवढं बोलू देऊ. पुढचा पाऊस यायला तीन आठवडे लागले. मधल्या कोरड्या दिवसांत मी तिला जवळ घेऊन दोन शब्द बोलू शकले असते. रोज ती माझ्या टेबलापासून चार हातांवर बसत होती. पण पाऊस आला की बघू, असं म्हणत मी रोज शांतपणे घरी गेले. त्या तीन आठवड्यांत ती शेजारणीशी डबा खातानासुद्धा बोलेनाशी झाली, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी हजेरी घेत राहिले.

सप्टेंबरात परतीचा पाऊस धरला. मोठी सुट्टी झाली, डबे झाले. मी आत गेले तर टीव्ही अजून बंद होता, आणि ती मात्र कुणी न सांगता पाठ करून बसली होती. मांडी घातलेली, हात गुडघ्यावर, नजर भिंतीवर. मी तिच्याजवळ गेले, मला जमेल तेवढा आवाज मऊ केला आणि म्हणाले, "बाळ, तोंड इकडे कर."

ती दचकली. तिला वाटलं, आता पाठ करून बसण्याच्याही पुढची शिक्षा आली. ती उभी राहिली, दोन्ही हात मागे घेतले आणि माझ्याकडे बघत, एकही शब्द न अडखळता म्हणाली,

"बाई, मी बोलले नाही."

वर्षातलं तिचं पहिलं मराठी वाक्य. सगळा वर्ग हसला, कारण शिक्षा झालेलं प्रत्येक पोर हेच वाक्य म्हणायचं आणि तिने ते त्यांच्याकडूनच उचललं होतं. मी तिला पुढे बसवलं, शेजारणीला तिच्याजवळ बसवलं, शिंप्याचं कार्टून लावलं. शेजारणीने आपणहून काही सांगायला तोंड पुढे केलं तर हिने तिच्या तोंडावर हात ठेवला. पाऊण तास ती टीव्हीकडे तोंड करून बसली आणि तिने एकदाही कुणाला काही विचारलं नाही.

दिवाळीआधी प्रगतिपुस्तकं भरायची होती. प्रत्येक विषयापुढे मुलाबद्दल एक वाक्य लिहावं लागतं. तिच्या मराठीपुढे मी बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, 'मराठीत पूर्ण वाक्य बोलते.' आई प्रगतिपुस्तक न्यायला आली तेव्हा मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. मग तिने ती पिवळी बोटं जोडून मला नमस्कार केला, मुलीलाही माझ्या पाया पडायला लावलं, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.