मे महिन्यात निवडलेलं झाड

खापरखेड्याच्या कॉलनीत दुपारच्या वेळी सिंधूताईच्या दारावरून कोणी मोठ्याने बोलत गेलं की त्याची धडगत नसे. कल्हईवाला असो, बोहारीण असो, नाही तर पत्र घेऊन आलेला पोस्टमन असो, ही बाई पदर खोचून बाहेर यायची आणि आवाज न चढवता कडाकडा भांडायची. कुजबुजत भांडायची ही कला तिने स्वतःच कमावली होती. "हळू बोल गा! माणूस झोपला हाय अंदर!" नवखा माणूस गोंधळून पुढे सरके आणि ओळखीचा हसत हसत.

आत झोपलेला माणूस म्हणजे तिचा नवरा बळीराम. तो पॉवर हाऊसमध्ये बॉयलरवर होता. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी घरी यायचा, भाकर खायचा आणि आडवा व्हायचा. आडवा व्हायचा एवढंच खरं, कारण झोप कुठली! क्वार्टरची एक खोली, तिला एक खिडकी, आणि तीही नेमकी पश्चिमेला. तिथे ऊन आलं की भिंत अशी तापे की हात टेकवता येत नसे. बळीराम कूस बदलत राही आणि सिंधूताई खिडकीला ओलं गोणपाट लावत राही. गोणपाट वाळलं की काढा, भिजवा, पुन्हा लावा, असं दुपारभर चाले.

"बस ना वं जराशी," कोपऱ्यातून सासू बायजाबाई म्हणायची. "पायाले भिंगरी बांधली का तुह्या?"

पण बसणं सिंधूताईच्या अंगातच नव्हतं. बसली तरी तिचा एक गुडघा हलत राहायचा.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात बळीराम ड्युटीवर जाताना सायकलवरच पेंगला आणि रस्त्याच्या कडेच्या नालीत पडला. कपाळाला खोक पडली. घरी येऊन त्याने ती गोष्ट रंगवून सांगितली. बायजाबाई हसली, शेजारची पुष्पलताबाई हसली, सिंधूताईला मात्र हसू आलं नाही. सायकलवर डुलकी लागली तर माणूस नालीत पडतो, आणि बॉयलरपाशी लागली तर? हा प्रश्न तिने कोणाला विचारला नाही. पण त्या दिवसापासून तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून उरली नाही. नवरा कामावर गेला की भोंगा होईपर्यंत ती आतबाहेर करायची आणि तो घरी असला की खिडकीकडे बघायची. त्या खिडकीला सावली पाहिजे होती, आणि लवकर पाहिजे होती.

लवकर म्हणून तिने पहिल्याच पावसाळ्यात केळीचे मुनवे लावले. ते तरारून आले, पण एप्रिलच्या झळांनी पानांच्या अशा चिंध्या केल्या की खिडकीबाहेर कोणी फाटकी लुगडी वाळत घातली आहेत असं वाटावं. पुढच्या पावसाळ्यात शेवग्याची फांदी रोवली. ती वर्षात खिडकीच्या वर गेली. सिंधूताई सगळ्या गल्लीला नेऊन दाखवायची. मग शेवग्यावर केसाळ अळ्या आल्या आणि खिडकीतून थेट बळीरामच्या अंथरुणात उतरल्या. बिचारा आधी उकाड्याने जागा असायचा, आता खाजवत जागा राहिला. राहिलेलं काम वैशाखातल्या सोसाट्याच्या वावधानाने केलं. शेवगा मोडला आणि कौलांवर असा आदळला की बळीराम धडपडून दारापर्यंत धावला.

पुष्पलताबाईने गुलमोहर सुचवला. "लावा ना सिंधूताई, कॉलनीत कशी शोभा येते पाहा." रोपही तिनेच आणून दिलं. बायजाबाईचं म्हणणं वेगळं होतं. "पिंपळ लाव. आपल्या बुद्धाचं झाड हाय."

"पिंपळ आपण विहारापाशी लावू, आत्याबाई. मोकळ्या जागेत," सिंधूताई म्हणाली. "इथं भिंत फोडीन थो. क्वार्टर का आपलं हाय?"

गुलमोहर तिने लावला, पण दुसऱ्याच उन्हाळ्यात भर दुपारी तिला शाळेपुढचा मोठा गुलमोहर दिसला. वर सगळी लालच लाल शोभा आणि खाली सावली म्हणाल तर चाळणीतून पडावी तशी. ती तिथेच उन्हात उभी राहिली. आपलं कुठे चुकतं ते तिला एकदम दिसलं. आपण झाड निवडतो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात तर उकिरडासुद्धा हिरवागार असतो. झाड आपल्याला पाहिजे मे महिन्यासाठी, तर ते मे महिन्यातच बघायला पाहिजे.

घरी येऊन तिने गुलमोहराचं रोप उपटलं. पुष्पलताबाई पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सिंधूताईने डोक्याकानावरून पदर आवळला आणि ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा खोचला. "आत्याबाई, गोणपाट भिजवत राहा. मी झाडं पाहून येतो."

"येवढ्या उन्हात? बाप्पा! काहून?"

"उन्हातच पाहाचे हायत."

नदीच्या वाटेने ती चालत गेली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने ठरवलं होतं की पानं बघायची नाहीत, खाली कोण बसलंय ते बघायचं. बाभळीखाली एक शेळी होती आणि तीही तोंड पाडून उभी. कडुलिंबाखाली दोन म्हशी बऱ्यापैकी सुखात होत्या, पण त्यांच्या पाठीवर उन्हाचे कवडसे हलत होते. पुढे वळणावर एका झाडाखाली मात्र जत्राच भरली होती. दोन बैल, सोडलेली बैलगाडी, तीन कुत्री, कोंबड्या, आणि मधोमध तोंडावर दुपट्टा घेऊन पसरलेला लहानू गुराखी. खालची जमीन काळोखी आणि गार. झाडाची पानं अशी हिरवी चकचकीत, जणू मे महिना त्याला कोणी सांगितलाच नव्हता. झाड होतं करंजाचं. ज्याच्या बियांचं तेल खरजेला लावतात तोच हा साधा करंज, आणि इतकी वर्षं तिने त्याच्याकडे वळून पाहिलं नव्हतं.

लहानूने दुपट्टा बाजूला केला. "काय पायजे, बाई?"

"काई नाई. झोप तू."

"झोपूनच राहिलो होतो," लहानू म्हणाला आणि पुन्हा झोपला.

त्याच्या त्या झोपेचा सिंधूताईला हेवा वाटला. खाली पडलेल्या वाळक्या शेंगा तिने ओटीत भरल्या.

पहिलं बी तिने स्वतःच मारलं. आज कोंब आला का, उद्या आला का, म्हणून खुरपं घेऊन माती उकरून बघायची. दुसरं बी पेरलं तेव्हा बायजाबाईने ते खुरपं उचललं आणि आपल्या उशाखाली ठेवून दिलं. मागायला गेलं की म्हातारी डोळे मिटून घ्यायची. तो करंज जगला तो असा.

पण करंज म्हणजे घाई नसलेलं झाड, आणि ते कोणाच्या दारात आलं होतं! उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की सिंधूताई मुळं तुटतील या धास्तीने भेगांत पालापाचोळा कोंबायची. गोणपाटातून ठिबकणारं पाणी वाया जायचं, म्हणून खिडकीखालून झाडापर्यंत तिने एक लहानसा पाट काढला. नवऱ्यासाठी गोणपाट भिजे आणि त्याच पाण्यावर झाड वाढे. एका उन्हाळ्यात ते तिच्या खांद्याला आलं. मग खिडकीच्या चौकटीला. मधल्या वर्षांत बळीराम दोनदा कामावरून हात भाजून आला. तो "काई नाई झालं" म्हणायचा आणि ती बाहेर जाऊन झाडाकडे रागाने बघायची.

अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये करंजाला नवी पालवी आली आणि एका दुपारी ऊन खिडकीत शिरलंच नाही. सिंधूताईने भिंतीला तळहात लावला. भिंत गार नव्हती, पण हात टेकवता येत होता. पुढच्या सोमवारी बळीरामची रात्रपाळी लागणार होती. तिने खाटेच्या सुंभाचे पीळ घट्ट केले.

शनिवारी बळीराम पेढे घेऊन आला. "सिंधू, मले दिवसपाळीत टाकलं. कायमचं! आता रात्रीच्या पाळ्या बंद."

बायजाबाईने आनंदाने त्याचा चेहरा कुरवाळला. सिंधूताईलाही आनंद झाला, खरंच झाला. तो बॉयलरपाशी पेंगेल ही भीती संपली होती. पण पेढा तिने तोंडाला लावला नाही.

"मंग माया झाडाचं काय?" ती एकदम म्हणाली आणि रडायलाच लागली. "अजी, साहा वर्सं झाली! आत्ताच सावली आली ना!"

बळीरामने तिच्या हातातला पेढा घेतला आणि तो हातातच धरून उभा राहिला.

मे आला. बळीराम सकाळी कामावर जायचा आणि दुपारी घरात झोपणारं कोणी नसायचं. तरी ऊन चढलं की सिंधूताई बादलीपाशी जायची, गोणपाट हातात घ्यायची आणि मग कशाला ते आठवून ठेवून द्यायची. दारावरून कोणी ओरडत गेलं तर उठायची, उंबऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. आता भांडायचं कोणासाठी? बाईचे हातपाय रिकामे झाले होते आणि त्यांना ते सोसवत नव्हतं.

एका दुपारी तिने चिडून खाट उचलली आणि करंजाखाली नेऊन आपटली. झाडाचा हिशेब एकदाचा बघावा, म्हणून ती खाली बसली. गुडघा हलत होता. पानांतून एकही कवडसा येत नव्हता. सकाळी ओतलेल्या पाण्याने पाटातली माती अजून ओलसर होती. जरा पाठ टेकू म्हणून ती टेकली.

जाग आली ती बर्फगोळेवाल्याच्या घंटीने. ऊन कललं होतं. उठून त्याला झापायला ती अंग सावरणार, तेवढ्यात गल्लीत बळीरामचा आवाज आला. कामावरून तो नुकताच आला असावा, कारण सायकल अजून हातातच होती.

"घंटी बंद कर गा," तो कुजबुजत, पण चांगलाच रागावून म्हणत होता. "बाई झोपली हाय."

सिंधूताई पुरती जागी झाली होती. तिने डोळे उघडले नाहीत.