मामांचे कान आणि माझा मॅक्रो

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीचा साधा कारकून. पण इंटरनेटवर बघून मॅक्रो, म्हणजे कॉम्प्युटरला आपसूक कामाला लावणारे छोटे प्रोग्रॅम, लिहायला शिकलो आणि चालायला लागलो थेट इंजिनिअरसारखा.

ओतलेला नग न् नग तपासायचे ते मामा. माझे नव्हेत, सगळ्या कारखान्याचे. हातोडीनं नग वाजवायचे. खणखणला तर चांगला, बद्द वाजला तर आत चीर. वाईट नगांचे नंबर ते सांगायचे, मी डेटाबेसमध्ये भरायचो आणि दुपारनंतर त्या थांबवलेल्या, म्हणजे पुढं न पाठवायच्या, नगांची यादी छापायचो. रोजच्या ओतकामाला नवा लॉट नंबर, नगांचे नंबर मात्र रोज एकपासून.

या यादीसाठी मी मॅक्रो लिहिला. चालू लॉटचा नंबर शोधून देणारं एक फंक्शन. त्यानं दिलेला आकडा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, घालायचा आणि त्या लॉटमधले थांबवलेले नग मागायचे. इथवर शहाणपणा होता. पण दर छपाईला फंक्शनला कशाला उठवायचं? फाइल उघडताना एकदाच विचारू, तोच आकडा जपून वापरू, असं मी ठरवलं. आता आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आत भट्टी तापून व्हायची. म्हणून त्यावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी, आणि फाइलही कायम उघडी. अक्षर माझंच.

सोमवारची सुट्टी झाली, मंगळवारी फाइल उघडली. यादी अचूक! खुशीत मी सगळ्यांना चहा पाजला.

बुधवारी मामा कागद घेऊन आले. “लेका, चौदा नंबर मी थांबीवलाय. ह्यात न्हाय. आन् नऊ तर चांगला हाय की!”

“मामा, वर आजची तारीख बघा. कॉम्प्युटर विसरत नाही, माणूस विसरतो.”

असं म्हणून मी तो कागद ड्रॉवरमध्ये सारला.

गुरुवारी पुन्हा तेच. मामा जेवण सोडून सगळा लॉट परत वाजवत बसले. शुक्रवारी यादी बघून मात्र भांडले नाहीत. कागदाची घडी घालून म्हणाले, “कान गेलं बघ माझं. उद्या माल भरायचा. चिरका नग माझ्या हातनं जायला नको. सायबांना सांगतो, दुसरा माणूस बघा.” आणि केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. साहेब फोनवर होते.

तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली, कॉम्प्युटर बंद. लाइट आल्यावर मी फाइल पुन्हा उघडली, यादी पुन्हा छापली, तर मामांनी सकाळी सांगितलेले नंबर, एकूण एक बरोबर! जुने कागद शेजारी मांडले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार: तारखा ताज्या, नग सगळे मंगळवारचे. फंक्शननं मंगळवारी दिलेल्या लॉट नंबरावरच मी आठवडा ढकलत होतो.

कागद घेऊन पळालो. “मामा, उठा! तुमचे कान शाबूत आहेत. चूक माझी!” सगळं खातं बघत होतं.

मामांनी एकेका नंबरावर बोट ठेवत यादी वाचली. मग माझ्या टेबलाशी आले, हातोडी कॉम्प्युटरच्या डब्यावर हलकेच टेकवली, कान लावला.

“ह्यो चांगला वाजतोय की,” म्हणाले, आणि हातोडी माझ्याकडं वळवली. “आता हिकडं ये. ह्यात चीर हाय का बघू.”

मी मुकाट्यानं डोकं पुढं केलं.