बोरस्ते भाऊ व्हॉल्व्हपाशी उभे असताना

घाबरणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. आमच्या लॅबमध्ये तर सगळेच घाबरट, म्हणून प्रत्येक टेस्टनंतर चहाच्या टपरीवर एक नवा किस्सा तयार! तिथे आम्ही पोट धरून हसतो. टेस्ट चालू असताना मात्र आमच्यातलं कुणी साधं खोकतसुद्धा नाही.

लॅब सातपूरच्या एमआयडीसीत. काम एका वाक्यात सांगायचं, तर लोकांचे रबरी होज पाइप दाबाखाली फुटतात का ते बघायचं! पाइपात तेलाचा दाब वाढवत न्यायचा, कॉम्प्युटरने तो क्षणाक्षणाला मोजायचा आणि ठरलेल्या आकड्याला पोचला की लगेच व्हॉल्व्ह उघडून दाब सोडायचा. कॉम्प्युटर झोपला तर? म्हणून टेस्टच्या खोलीत, लोखंडी प्लेटच्या आडोशाला, हाताने फिरवायचा एक व्हॉल्व्ह आहे. तिथे बोरस्ते भाऊ उभे राहतात. निफाडकडचे, आवाज खणखणीत, तोंड फटकळ. घरी बायको, दोन मुली आणि एक म्हैस. "म्हैस माझ्याबिगर दूध देत नाय," हे ते प्रत्येक टेस्टच्या आधी आम्हाला ऐकवतात.

मी तिथली इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. कॉम्प्युटरचं सगळं माझ्या गळ्यात.

* * *

आधी आमच्याकडे साधा ऑफिसचा कॉम्प्युटर होता. जरा वेळ कुणी हात लावला नाही, की पडदा काळा व्हायचा आणि त्यावर रंगीत मासे पोहायला लागायचे. ते सेटिंग बंद केलं की दुसऱ्या दिवशी आपोआप चालू!

मग आमच्याकडे एक प्रथा पडली, माउस हलवायची. टेस्टभर एकाने खुर्चीत बसून माउस नुसता इकडून तिकडे करायचा. बाकी सगळे कामात, म्हणून अकाउंट्सच्या शेवाळे ताईंना बसवलं. भिंतीपलीकडे पंप घुमतोय, आकडा चढतोय आणि ताई डोळे मिटून एका हाताने माउस हलवतायत, दुसऱ्या हाताने गळ्यातली पोत घट्ट धरून!

टेस्ट संपल्यावर त्या आमचे लॅब हेड कदम सर यांच्या केबिनमध्ये गेल्या.

"सर, मी इथे अकाउंट्सला लागलेय की समई विझू नये म्हणून राखायला?"

सर म्हणाले, "ताई, पुढच्या मंगळवारी पण याच हं!"

* * *

आणि तो मंगळवार आला. ताई इमानदारीने माउस हलवत होत्या. दाब निम्म्याच्या वर गेला आणि पडदा एकदम निळा, टेस्टच्या खोलीतलाही. मधे पांढरी अक्षरं, 'अपडेट सुरू आहे. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.'

पंप चालूच!

मी मधल्या काचेतून नुसती ओरडले. काय ओरडले ते मला आजही आठवत नाही. बोरस्ते भाऊंनी व्हॉल्व्हचं चाक गरगर फिरवलं. दाब उतरायला लागला, पण त्याआधीच पाइप फुटला आणि त्याचं पितळी टोक सुटून लोखंडी प्लेटवर आदळलं. प्लेटला वाटीएवढा पोचा पडला, भाऊंच्या छातीच्या उंचीवर.

भाऊ बाहेर आले. तेलाने माखलेले, चेहरा पांढराफटक. आम्ही कुणी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ते म्हणत व्हतं बंद करू नका. मी म्हणलं, बरं बाबा, तू नको करू, मीच करतो!"

शेवाळे ताई हसता हसता रडायला लागल्या. मी तर नुसतीच रडत होते.

त्याच दुपारी कदम सर म्हणाले, "मॅडम, चांगली सिस्टिम शोधा. कोणती घ्यायची ते तुम्हीच ठरवा." त्या दिवसापासून माझी भूक मेली. मी चुकीची निवडली, तर प्लेटच्या मागे मी नसणार होते, भाऊ असणार होते.

* * *

मी रिअल-टाइम सिस्टिम घेऊ म्हटलं. कदम सरांना वाटलं, म्हणजे वेगवान. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोराच्या ओळखीच्या दुकानातून गेम खेळायचा महागडा कॉम्प्युटर आणला. आतून लाल, हिरवे, जांभळे दिवे! त्यावर दाब न चढवता रिकामी टेस्ट घेतली. मधेच कसलं तरी स्कॅनिंग सुरू झालं आणि तोही अडकला.

"सर, वेग नाही, वेळ पाळणारी सिस्टिम पाहिजे," मी म्हटलं. सरांना कळेना. "हे बघा, देवळाली कॅम्पला जायचंय. एक बस विमानासारखी पळते, पण कधी येईल त्याचा नेम नाही. दुसरी हळू जाते, पण ठरल्या मिनिटाला येणार म्हणजे येणारच. आपल्याला ती दुसरी हवी."

सरांनी मान डोलावली. मग म्हणाले, "पण मॅडम, अशी बस नाशकात आहे कुठे?"

* * *

तशी बस घेऊन एक सेल्समन पुण्याहून आला. टाय, लॅपटॉप, गुळगुळीत बोलणं. म्हणे आमची सिस्टिम जगात भारी, उशीर सरासरी इतका कमी की डोळ्यांची पापणी त्यापुढे म्हातारी!

"सरासरी नको," मी म्हटलं. "जास्तीत जास्त उशीर किती होतो?"

"मॅडम, तसं सहसा होत नाही."

"सहसा म्हणजे?"

"म्हणजे... रेअर केस."

तेवढ्यात भाऊ उठले, सेल्समनच्या खांद्यावर प्रेमाने हात टाकला आणि त्याला टेस्टच्या खोलीत घेऊन गेले. प्लेटवरचा पोचा दाखवून म्हणाले, "साहेब, ह्योबी सहसा व्हत नाय. एकदाच झालता."

सेल्समन चहा न घेताच गेला.

* * *

शेवटी मी एक फुकट मिळणारी सिस्टिम निवडली, वेळ पाळण्यासाठी खास बदल केलेली. तिला नियम असा घालून दिला, की दाब मोजणं आणि व्हॉल्व्ह उघडणं हे आधी. पडद्यावर रेघ काढणं सगळ्यात शेवटी, सवड मिळाली तर.

आता तिला छळायचं होतं. सगळ्या लॅबने मनापासून हातभार लावला! कुणी पेनड्राइव्ह खुपसतंय, कुणी नेटची वायर उपटतंय, शेवाळे ताईंनी तर भाच्याच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ तिच्यावर लावला. सिस्टिम हलली नाही. दिवसभरात फक्त एकदा, एकच आकडा उशिरा आला.

सगळे म्हणाले, एकाने काय होतंय! मला मात्र रात्री जेवण गेलं नाही. तो एक आकडा नेमका भाऊ उभे असतानाचा निघाला तर?

शोधून शोधून कारण सापडलं. कॉम्प्युटर वीज वाचवायला मधेच डुलकी घेत होता. ते सेटिंग मी स्वतः बंद केलं होतं. पुन्हा चालू कुणी केलं? तर कदम सरांनी. लाइट बिल फार येतं म्हणून!

मी संतापून केबिनमध्ये गेले. "सर, एकदाच सांगा. वीज वाचवायची की बोरस्ते भाऊ?"

सर खुर्चीत मागे रेलले आणि बोटांवर हिशेब करू लागले. दारात उभे असलेले भाऊ कळवळून म्हणाले, "सर, इतका इचार करू नका हो!"

* * *

आमच्याकडे एक जुना रिवाज आहे. मशीनमध्ये ज्याने बदल केला, पहिल्या खऱ्या टेस्टला हाताच्या व्हॉल्व्हवर तो उभा राहतो. म्हणजे मी.

भाऊंना सरांनी काचेबाहेर थांबायला सांगितलं. मला म्हणाले, "तुम्ही हाताने व्हॉल्व्ह फिरवलात तर टेस्ट फेल. मग ही सिस्टिम बाद, आणि भाऊ आहेत तिथेच." म्हणजे सिस्टिमने व्हॉल्व्ह वेळेवर उघडला तरच भाऊ या खोलीतून कायमचे सुटणार.

मी आत गेले. दार बंद झालं, पंप सुरू झाला. त्या प्लेटमागे उभं राहिल्यावर पायाखालची फरशी थरथरते हे मला तोवर माहीत नव्हतं. भाऊ इतकी वर्षं हे सांगत का नव्हते, कोण जाणे. कोपऱ्यातल्या पडद्यावर रेघ वर सरकत होती. माझे हात चाकावर.

रेघ थांबली.

पंप चालू, पाइप फुगतोय, कुरकुर आवाज येतोय आणि रेघ जागच्या जागी. पडदा मागे राहिला तरी मोजणं चालू असतं, हा नियम मीच लिहिलेला! पण तिथे उभं राहून कुठला नियम आठवतोय? मला फक्त तो पोचा दिसत होता. फिरव, फिरव, असं मी स्वतःला म्हणत होते आणि बोटं चाकाला चिकटून बसली होती. ती हलेचनात. मी डोळे मिटले.

फुस्स!

व्हॉल्व्ह आपणहून उघडला. दाब सुटला. पाइप शाबूत. मग कुठे पडद्यावरची रेघ सावकाश वर गेली.

बाहेर टाळ्या. कदम सर स्पीकरवरून म्हणाले, "वा मॅडम! ठरल्या क्षणाला उघडला. शेवटपर्यंत चाक फिरवलं नाहीत, याला म्हणतात स्वतःच्या कामावर विश्वास!"

बसावं म्हणून मागे वळले, तर कुणाला तरी धडकलेच. बोरस्ते भाऊ! पंपाच्या आवाजात कधी शिरले कळलंच नाही; माझ्या पाठीला चिकटतील इतके जवळ, एक हात माझ्या खांद्यावरून थेट चाकाजवळ.

"भाऊ, तुम्ही आत कसे? काचेबाहेर थांबायला सांगितलं होतं ना! माझ्या सिस्टिमवर भरोसा नव्हता?"

"सिस्टिमवर व्हता, मॅडम," भाऊ कपाळ पुसत म्हणाले. "तुमच्या हातावर नव्हता!"