पंधरा वर्षं सलग

न घातलेल्या दरोड्यापायी आमचे मालक नऊ वर्षं तुरुंगात राहिले. मग कोर्टानं निर्दोष म्हणून सोडलं. वकील म्हणाले, सरकारकडं भरपाई मागा. मागा म्हणायला काय जातंय! आष्टीहून जालन्याला खेपा घालून माझा जीव मेटाकुटीला आला. दर खेपेला नवीन कागद. पैसा मिळाला तर नको कोण म्हणतंय, पण मला एवढंच पाहिजे होतं, की ह्या माणसाची नऊ वर्षं आम्ही फुकट खाल्ली, हे सरकारनं एकदा कबूल करावं.

एका खेपेला कचेरीतले साहेब म्हणाले, पंधरा वर्षं सलग गावात राहिल्याचा रहिवासी दाखला आणा.

ग्रामसेवक डोकं खाजवायला लागले. "ताई, सलग कसं लिहू? मधी नऊ वर्षं भाऊ गावात नव्हते."

"मंग कुठं गेल्ते? मामाच्या गावाला?" मी तडकलेच. पिशवीतून रेशनकार्ड काढून टेबलावर ठेवलं. दुकानदार दर वर्षी म्हणायचा, नाव कमी करून घ्या. मी कधी करू दिलं नाही. माझा माणूस जिवंत होता, नाव कशाला कमी करू? ग्रामसेवकांनी कार्ड बघितलं आणि दाखल्यावर सही-शिक्का मारून दिला.

ह्या खेपेला मालक बी संगं आले होते. जालन्याला साहेबांनी दाखला वाचला, कोर्टाचा निकाल वाचला, परत दाखला वाचला. "बाई, हे तर पंधरा वर्षं गावातच होते म्हणतोय दाखला. मग भरपाई कशाची?"

"अहो, तुमीच मागितला की!"

"त्याला मी काय करू? दुरुस्त करून आणा." अर्ज परत. भांडायचं होतं, पण अंगात त्राणच उरलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मालक तो दाखला हातात धरून बसले होते. मी म्हणलं, "द्या इकडं, फाडून टाकते मेल्याला."

"फाडू नको." त्यांनी हात मागं घेतला. "ह्या कागदात मी घरीच हाय बघ. पोरगी पहिल्यांदा शाळंत गेली तवा बी. माय गेली तवा बी."

मंग त्यांनी घडी करून दाखला वरच्या खिशात ठेवला. मी खिडकीकडं तोंड केलं आणि आष्टी येईपर्यंत रडले.