यंत्राच्या मयताची पिठलं-भाकरी

मी एकदा सिनेमातल्या यंत्राच्या मरणावर चार दिवस दुसऱ्याच्या हातची पिठलं-भाकरी खाल्ली. चवीनं खाल्ली, वर ठेचा मागून घेतला. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि गावात शहाणी म्हणून माझं बऱ्यापैकी नाव होतं. ते नाव कुणी पसरवलं, हे मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक मीच.

श्रीगोंद्याजवळ आमचं गाव. आमच्या घराला लागूनच थोरल्या जावेचं घर, मधे एकच भिंत. सामाईक विहिरीच्या पाळीवरून आमचं वाजलं होतं. तिच्या पाळीत आमची मोटर चालू राहिली, आमच्या उसाला पाणी झालं आणि तिचा कांदा वाळला. चूक माझी होती, म्हणून मीच जास्त फुगले. चार वर्षं बोलणं बंद. तिचा खोकला, तिच्या भाकरीची थाप, सगळं भिंतीतून ऐकू यायचं. मला तिची आठवण यायची, पण शहाण्या बाईनं आधी बोलायचं कसं?

एका दुपारी घरात मी एकटी. टीव्हीवर इंग्रजी सिनेमा हिंदीत चालू होता. त्यात एक यंत्र होतं, माणसाएवढ्या उंचीचं, तोंडाच्या जागी पत्रा. ते एका म्हाताऱ्याला सांभाळायचं. त्याला उठवायचं, गोळ्या द्यायचं, अंघोळीचं पाणी काढायचं. म्हातारा दवाखान्यात जातो आणि तिथंच वारतो. यंत्राला कुणी सांगत नाही. यंत्राला काय सांगायचं? मग घर रिकामं करायला पुतणे येतात. एक जण यंत्राच्या पाठीवरचं बटण दाबायला हात घालतो, तेव्हा ते हळूच म्हणतं, जरा थांबा, साहेबांच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवलंय.

थांबतंय कोण.

मी सासऱ्यांना अकरा वर्षं अंघोळीचं पाणी काढून दिलं. ते गेले तेव्हा चारचौघांत शोभेल इतपत रडले होते. त्या पत्र्यासाठी मात्र मी हेल काढला. "बाळा रं, तुला कुनी सांगितलं बी न्हाई," असं म्हणत, मांडीवर हात आपटत.

आता नातीबरोबर असले सिनेमे बघते तेव्हा सगळी कारागिरी दिसते. डोळ्यांच्या जागी दोन दिवे लावायचे, मान जराशी कलती ठेवायची, आवाज दबका. माणूस असा वागला तर आपण म्हणू, नाटकं करतोय. यंत्र वागलं की पाघळतो. नात डोळे पुसते, मी शेंगा फोडत बसते. पण त्या दुपारी शेंगाही नव्हत्या आणि अक्कलही नव्हती.

नेमकी तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही विझला, माझा हेल तेवढा राहिला. डोळे पुसून बघते तर दारात थोरली जाऊ, हाताला पीठ तसंच.

"कोन गेलं गं?"

आमच्याकडे भांडण कितीही मोठं असो, मयत म्हटलं की उंबरा ओलांडायचा. चार वर्षांनी तिनं तो ओलांडला होता. खरं सांगितलं तर ती त्याच पावली माघारी जाणार, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "मामा."

मला तीन मामा, तिघंही ठणठणीत. त्यातल्या कुणाला मारायचा धीर होईना, म्हणून मी चौथा जन्माला घातला आणि त्याच दमात मारला. आईचा मावसभाऊ, राहणार श्रीरामपूर. जिल्ह्याच्या पार त्या टोकाला टाकला, म्हणजे चौकशी नको.

"मातीला न्हाई गेलीस?"

"कालच उरकली. आज कळालं मला."

"कधी बोलली न्हाईस त्यांच्याबद्दल."

"आपलं बोलनं कुठं हुतं, अक्का?"

ती माझ्या शेजारी बसली, पिठाचा हात माझ्या पाठीवरून फिरवला. मग म्हणाली, "मामाचं सुतक तुला लागत न्हाई. पर रडनाऱ्या बाईनं चुलीम्होरं बसू नये. मी आनते."

तेव्हापासून रोज दुपारी ती पिठलं-भाकरी घेऊन यायची, आणि चार वर्षांचं साठलेलं बोलणं निघायचं. तिच्या सुनेचा फटकळपणा, माझ्या गुडघ्याची कुरकुर, कुणाची म्हैस व्याली. मी मधूनमधून उसासा टाकायचे, मामासाठी. उसाशाच्या जागाही मला जमायला लागल्या होत्या. दहावा झाला की हळूच विषय मिटेल, असा माझा हिशेब होता. शहाणीच ना मी.

चौथ्या दिवशी ती भाकरीबरोबर एक पिशवी घेऊन आली. "दहाव्याला मी येते तुझ्यासंगं. सकाळची एसटी धरू. ह्यांना सांगितलंय, फटफटीवर स्टँडवर सोडतील."

"कशाला दगदग, अक्का. लांब हाय."

"लांब असू दे. तुझ्या मामेभावाला टॉवेल-टोपी करायची हाय मला." तिनं पिशवीतून पांढरी टोपी काढून मुठीवर चढवली. "त्याचं डोकं केवढं हाय गं? ही लहान हुईल का? बदलून आनते."

खोटं बोलताना मी मामा जन्माला घातला, त्याचं दुखणं रंगवलं, मामीसुद्धा रडवली. पण जन्माला न आलेल्या माणसाच्या मुलाचं डोकं केवढं, ते मला सांगता येईना. ती टोपी फिरवून फिरवून बघत होती, शिवण तपासत होती.

मी म्हटलं, "अक्का, मामा न्हाई."

"म्हंजी?"

"मेला न्हाई. नव्हताच. सिनेमा बघून रडले मी."

"सिनेमातला मानूस गेला?"

"मानूस बी न्हाई. यंत्र. लोखंडाचं."

तिनं टोपी मुठीवरून उतरवली, घडी घातली आणि पिशवीत ठेवली. ती उठेल म्हणून मी भिंतीकडे बघत राहिले. पुन्हा खोकला ऐकायचा आणि थाप ऐकायची, एवढंच आता नशिबी, असं वाटलं. ती उठली नाही. म्हणाली, "काय झालं हुतं त्या यंत्राला? सांग."

मी सगळं सांगितलं. म्हातारा, गोळ्या, दवाखाना, पुतणे, बटण. ती साक्षीपुराव्याला बसल्यासारखी ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, "मंग ते तापत ठेवलेलं पानी कुनी उतरवलं?"

"दाखवलं न्हाई."

"असं कसं दाखवलं न्हाई," ती पुटपुटली. मग पदर खोचत उभी राहिली आणि मला म्हणाली,

"दोन वर्सांमागं माझी आई गेली तवा समदं गाव माझ्या दारात हुतं, अन् भिंतीपल्याड तुझा टीव्ही चालू हुता. ऐकलाय मी. आता ऊठ, चल माझ्या घरी. आईचा फोटो हाय, त्याच्याम्होरं बस अन् रड. त्या पत्र्यासाठी रडलीस तेवढंच रडायचं, कमी चालनार न्हाई."