बिनखिळ्याचे घर

“हळू मार, लाकडाले दुखते.” बोरी अरब गावचे युनूस मिस्त्री हे वाक्य नव्या मजुराला पहिल्याच दिवशी ऐकवत. मजूर हसला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकवत.

इंग्रजांच्या काळात एका कापसाच्या व्यापाऱ्याने दुमजली लाकडी घर बांधून घेतले, ते युनूसचाचांच्या पणजोबांनी उभे केले. अख्ख्या घरात एक खिळा नाही. खांबाचे टोक तासून कुसू काढायचे, ते तुळईच्या भोकात बसवायचे, वरून लाकडी मेख मारायची. वारा सुटला की घर अंगभर कुरकुरे, आणि पुन्हा गप्प उभे राही.

यंदा घराचे आताचे मालक राजकुमार म्हणाले, “चाचा, घर खोला. दारव्ह्याच्या रस्त्यावर पुन्हा उभं करू. तुमच्याच हातानं.”

सत्तरीच्या चाचांना आयुष्यात एवढेच हवे होते. त्यांनी हातातली मोगरी, ती लाकडी हातोडी, पुढे केली. “पाहा भाऊ, तुमच्या दारच्या शिसवी खांबाचा उरलेला तुकडा हाय हा. माह्या पणज्यानं घडवलेली.”

दोन महिने त्यांनी लाकडाला करवत लागू दिली नाही. मेखा उलट्या ठोकून काढल्या. कोणता खांब कुठला, ते कळावे म्हणून प्रत्येक कुसवावर पटाशीने खूण कोरली.

हाताखालचा मजूर उकंडा म्हणे, “चाचा, मेल्या बैलाले कायले गोंजारून राह्यले?”

“गप रे. उभं राह्यलं की तूच माडीवर नाचशील.”

शेवटच्या दिवशी ट्रक आला. फर्निचरवाल्याची माणसे उतरली आणि यंत्राने सगळी कुसवे छाटू लागली. चाचा धावले. “भाऊ, घर उभं करायचं होतं ना?”

राजकुमार हसले. “लाकूड विकलंय हे खरं सांगतलं असतं, तर इतक्या मायेनं खोललं असतं काय? एक लाकूड फुटलं नाही. वा, चाचा!”

कुसवे खुणांसकट मातीत पडत होती. उकंडा ती चुलीसाठी पोत्यात भरत होता. चाचा वळले.

“चाचा,” मागून हाक आली, “मोगरी ठेवून जा. आमच्याच खांबाची ना? तुम्हीच सांगतलं.”

चाचांनी मोगरी लाकडांवर ठेवली. हळू, आवाज न करता. मग ते रस्त्याला लागले. उजवी मूठ दांडा धरल्यासारखी मिटलेलीच होती. राजकुमार फोनवर बोलत होते. चाचा वळणाआड होईपर्यंत पाहत राहिला तो उकंडा, पोत्याचे तोंड आवळून धरून.